मुळाचे टोक आणि जनुकांची घडी

मोहरीच्या कुळात ॲराबिडॉप्सिस नावाची एक वीतभर उंचीची तणवजा वनस्पती आहे. तिला ना खाण्याजोगे फळ, ना शोभेचे फूल. तरीही जगभरच्या प्रयोगशाळांत तिचा जेवढा अभ्यास झाला तेवढा गहू-तांदळाचाही क्वचितच झाला असेल. कारण व्यवहारी आहे. सहा आठवड्यांत तिचे बी ते बी असे चक्र पुरे होते, तिला फक्त पाच गुणसूत्रांच्या जोड्या आहेत, आणि संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेली ती पहिली सपुष्प वनस्पती आहे. ते वाचन सन २००० च्या डिसेंबर महिन्यात प्रसिद्ध झाले.

या वनस्पतीच्या एका विकृत वाणाने सन १९९७ मध्ये शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. जोसेफ ओगास, ख्रिस सोमरव्हिल आणि त्यांचे सहकारी रोपांची मुळे तपासत होते. निरोगी रोपाचे मूळ पांढरे, पारदर्शक आणि दोऱ्यासारखे बारीक असते. या वाणातील काही रोपांचे मूळ मात्र हिरवट, जाडसर आणि फुगीर निघाले. दिसायला ते व्हिनेगरात मुरवलेल्या छोट्या काकडीसारखे होते, म्हणून वाणाचे नाव पडले ‘पिकल’. (आपल्या पानातील लोणच्याशी त्याचे काही साम्य नाही, हे सांगितलेले बरे.) चरबी रंगविणारे रंजक घालून पाहिले तेव्हा त्या मुळात तेल साठलेले आढळले. तेल साठविणे हे मुळाचे काम नव्हे, ते बियांतील गर्भाचे काम. या मुळाचा तुकडा कापून साध्या पोषक माध्यमावर ठेवला तर कोणतेही संप्रेरक न घालता त्यातून नवे गर्भ आणि नवी रोपे उगवू लागली. बी रुजले होते, मूळ मातीकडे निघाले होते, आणि तरीही त्याच्या पेशी आपण अजून बियांतच आहोत अशा समजुतीने वागत होत्या.

तेल साठविण्याची जनुके या मुळात नव्याने आली नव्हती. ती प्रत्येक निरोगी मुळाच्या प्रत्येक पेशीतही असतातच. फरक एवढाच, की निरोगी मुळात ती मिटून ठेवलेली असतात. सन १९९९ मध्ये पिकलच्या मुळाशी असलेले जनुक हाती आले. ते ज्या प्रथिनाची रचना सांगते, ते तेल तयार करीत नाही की मूळही घडवीत नाही. त्याचे काम जनुकद्रव्याची घडी बदलण्याचे आहे. डॉक्टर वाचकांना हे प्रथिन अगदीच परके नाही. त्वचा व स्नायुदाहाच्या म्हणजे डर्मॅटोमायोसायटिसच्या काही रुग्णांच्या रक्तात ‘मी-२’ या केंद्रकीय प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, आणि निदानासाठी आपण ती तपासणी मागवतो. त्या मी-२ चे आणि मोहरीच्या चुलत भावंडातील पिकलचे घराणे एकच आहे. प्राणी आणि वनस्पती यांच्या वाटा शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, पण घडी घालण्याची ही अवजारे दोघांनीही जपून ठेवली.

या घडीचेच नाव क्रोमॅटिन. तिच्या शोधाची सुरुवात तर आपल्याच क्षेत्रात, जखमांच्या पट्ट्यांवर झाली. सन १८६९ मध्ये ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर या तरुण वैद्याने शस्त्रक्रिया विभागातून आलेल्या पट्ट्यांवरील पू धुऊन घेतला, त्यातील श्वेतपेशींची केंद्रके वेगळी केली आणि त्यांतून स्फुरदयुक्त असे एक अनोळखी द्रव्य मिळविले. त्याला त्याने न्यूक्लिन म्हटले. पुढे १८८० च्या सुमारास वाल्टर फ्लेमिंगने केंद्रकातील रंग धरणाऱ्या भागाला क्रोमॅटिन हे नाव दिले. १८८४ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेलने हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन हे प्रथिन काढले. १९१० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. क्रोमॅटिनचे काही भाग सैल व फिके असतात आणि काही पेशीविभाजनानंतरही गच्च व गडद राहतात, हा भेद एमिल हाइट्झने १९२८ मध्ये मांडला. युक्रोमॅटिन आणि हेटेरोक्रोमॅटिन हे शब्द आपण विकृतिशास्त्राच्या तासाला शिकलो, पण हाइट्झच्या काचपट्टीवर मानवी पेशी नव्हत्या, शेवाळवर्गीय वनस्पती होत्या.

मानवाच्या एका पेशीतील डीएनए ताणून सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. ॲराबिडॉप्सिसचा नऊ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तोही काही सहस्रांश मिलिमीटर रुंदीच्या केंद्रकात बसवायचा असतो. नऊवारी पातळ काडेपेटीत बसवावे तसा हा प्रकार. निसर्गाने तो असा साधला की आठ हिस्टोनांच्या एका गड्ड्याभोवती डीएनएच्या १४७ जोड्या पावणेदोन वेढ्यांच्या जवळपास गुंडाळल्या. मग थोडा मोकळा धागा, मग पुन्हा गड्डा. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कोर्नबर्गने ही कल्पना १९७४ मध्ये मांडली आणि तिचे अणूगणिक चित्र कॅरोलिन ल्यूगर, टिमोथी रिचमंड व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, म्हणजे पिकलच्याच वर्षी, प्रसिद्ध केले. हिस्टोनांची शेपटे गड्ड्याबाहेर लोंबतात. त्यांवर ॲसिटिल गट बसला की घडी सैल होते आणि जनुक वाचता येते. एच-३ हिस्टोनच्या सत्ताविसाव्या स्थानी असलेल्या लायसिनवर तीन मिथिल गट बसले की ते जनुक बहुधा मिटले जाते. ही मिथिल खूण उमटविणाऱ्या प्रथिनसंचाला पॉलिकोंब संच म्हणतात. त्याचे वनस्पतीतील एक प्रमुख प्रथिन ‘कर्ली लीफ’ आणि मानवातील त्याचे भावंड म्हणजे ‘ईझेडएच-२’. पुढील विवेचनास एवढी तयारी पुरेशी आहे.

आता मुळाकडे वळू. पेशीची ओळख कशी ठरते हे पाहण्यासाठी मूळच का निवडावे? कारण मूळ हे वाढीचे एक सरळ, उघडे आणि पारदर्शक पुस्तक आहे. ॲराबिडॉप्सिसच्या मुळाचा आडवा छेद घेतला तर बाहेरून आत अपित्वचा, मध्यत्वचा, अंतस्त्वचा आणि परिरंभ अशी एकेका पेशीच्या जाडीची कडी दिसतात आणि मधोमध रंभ, म्हणजे अन्नपाण्याच्या नळ्यांचा गाभा. उभ्या छेदात पेशी ओळीने रचलेल्या असतात. टोकाशी त्या जन्मतात, थोड्या वर गेल्या की लांबतात आणि आणखी वर गेल्या की आपापले काम धरतात. वनस्पतीच्या पेशीला भिंत असल्याने ती जागा सोडून हिंडू शकत नाही. त्यामुळे टोकापासूनचे अंतर म्हणजेच पेशीचे वय. आपल्याकडे आतड्याच्या अस्तरात थोडेफार असेच दिसते, पण ते पाहण्यासाठी जिवंत रुग्णाचे आतडे कोण उघडणार? मुळाचे बी आगरच्या उभ्या तबकडीवर पेरले की पेशीचा सारा जीवनक्रम सूक्ष्मदर्शकाखाली दिवसेंदिवस पाहता येतो.

टोकाच्या अगदी आत चार पेशींचा एक लहान गट असतो. इतर पेशी भराभर दुभंगत असताना या मात्र फार क्वचित दुभंगतात. मक्याच्या मुळातील असा शांत गट एफ. ए. एल. क्लोज या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात किरणोत्सारी खुणांच्या साहाय्याने दाखविला. त्याला ‘निश्चल केंद्र’ म्हणू. या निश्चल पेशी करतात तरी काय, याचे उत्तर १९९७ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्त येथे बेन शेरेस यांच्या गटाने लेसर किरणांनी मिळविले. त्यांनी निश्चल केंद्रातील एखादीच पेशी जाळली. तिला चिकटलेल्या मूलपेशीने लगेच विभाजनाची क्षमता सोडली आणि ती प्रौढ होऊ लागली. जी शेजारीण शाबूत निश्चल पेशीला चिकटून होती ती मात्र तरुणच राहिली. म्हणजे या चार पेशी स्वतः फारशी वाढ करीत नाहीत, त्या शेजारच्यांना प्रौढ होऊ देत नाहीत.

हे त्या कसे साधतात, त्याचा एक धागा २०१५ मध्ये हाती आला आणि तो थेट क्रोमॅटिनपर्यंत जातो. निश्चल केंद्रात ‘वॉक्स-५’ नावाचे एक नियामक प्रथिन तयार होते आणि ते शेजारच्या मूलपेशीत उतरते. तेथे ते एका मदतनिसाच्या करवी हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढून टाकणारे विकर बोलावून आणते. पेशीला प्रौढ करणाऱ्या जनुकाची घडी त्यामुळे आवळली जाते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ॲसिटिल गट बसविणारे ‘जीसीएन-५’ हे विकर बिघडले तर मूलपेशींचे हे घरटेच टिकत नाही, असे शेरेस यांच्याच प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखविले. सैल करणे आणि आवळणे ही दोन्ही कामे एकाच मिलिमीटरच्या आत, पेशीगणिक वेगवेगळ्या जनुकांवर चाललेली असतात. म्हणून ‘ॲसिटिल म्हणजे वाढ’ असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी मुळाचे टोक एकदा पाहावे.

वाढ म्हणजे केवळ विभाजन नव्हे. टोकापासून काही अंतरावर पेशी दुभंगणे थांबवते आणि लांबू लागते. या वळणावर क्रोमॅटिनमध्ये नेमके काय होते ते २०१६ मध्ये माद्रिदच्या क्रिसांतो गुतिएरेस यांच्या गटाने पाहिले. एच-३ हिस्टोनचे दोन जवळचे प्रकार आहेत. एक डीएनएची प्रत निघत असताना बसतो, दुसरा केव्हाही बसू शकतो. दुभंगणाऱ्या पेशीत पहिल्याचे प्रमाण मोठे असते. पेशी आपल्या शेवटच्या विभाजनाकडे येते तेव्हा पहिला प्रकार मोठ्या प्रमाणावर काढून टाकला जातो. दुभंगणार की प्रौढ होणार, हे या अदलाबदलीवरून ओळखता येते. बालरोग आणि मेंदूशल्य विभागांतील सहकाऱ्यांना दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे एच-३.३ ची, वेगळी आणि दुःखद ओळख असेल. मुलांच्या मेंदूस्तंभातील प्राणघातक अर्बुदांत याच हिस्टोनच्या सत्ताविसाव्या स्थानी बदल असतो, हे २०१२ मध्ये उघड झाले.

परंतु मुळातील सर्वांत मनोवेधक प्रयोग अपित्वचेवर झाले आहेत. मुळाच्या बाह्य थरात दोन तऱ्हांच्या पेशी असतात. काहींना पाणी व क्षार शोषणारा लांब मूलरोम फुटतो, काही गुळगुळीत राहतात. कोणती पेशी काय होणार हे तिच्या जागेवर ठरते. आतल्या मध्यत्वचेतील दोन पेशींच्या सांध्यावर जी बसली ती रोमधारी, आणि जी एकाच पेशीच्या पाठीवर बसली ती गुळगुळीत. मध्यत्वचेच्या पेशी आठ, म्हणून सांधे आठ आणि मूलरोमांच्या ओळीही आठ. इतका नेटका हिशेब सजीवसृष्टीत सहसा पाहायला मिळत नाही. ‘ग्लॅब्रा-२’ हे जनुक चालू असेल तर पेशी गुळगुळीत राहते, बंद असेल तर रोम फुटतो.

इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इन्स केंद्रात सिल्व्हिया कोस्टा आणि पीटर शॉ यांनी चकाकणाऱ्या खुणा वापरून अखंड मुळातील ग्लॅब्रा-२ च्या परिसराची घडी पेशीपेशीत पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : गुळगुळीत पेशींत हा परिसर मोकळा असतो, रोमधारी पेशींत मिटलेला. इथवर अपेक्षितच होते. पण कधीकधी रोमधारी ओळीतील एखादी पेशी उभी दुभंगते, आणि दोन लेकींपैकी एक शेजारच्या ओळीत सरकते. तिची आई रोमधारी, आजी रोमधारी, सारे कूळच रोमधारी. आता ती काय होणार? तिच्या घडीची तपासणी केली तेव्हा असे दिसले, की आईची घडी तिच्याकडे वारशाने येत नाही. विभाजनासरशी जुनी घडी मोडते आणि नव्या पेशीचे चक्र सुरू होताच नव्या जागेला साजेशी घडी बसते. घडी घालणाऱ्या एका प्रथिनसंचातील ‘फॅसिएटा-२’ हे जनुक निकामी केले, तर मोकळे आणि मिटलेले हा भेदच राहत नाही. याच संचातील जनुके बिघडली असता मुळे आखूड राहतात आणि टोकाच्या पेशींची रचना विस्कटते, हे २००१ मध्येच जपानी संशोधकांनी दाखविले होते.

महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात ऐकावा लागतो. या सरकलेल्या पेशीविषयी वाचताना तो आठवल्यावाचून राहत नाही. अर्थात पेशी म्हणजे माणूस नव्हे, आणि ही तुलना गमतीपुरतीच ठेवावी. शास्त्राच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. क्रोमॅटिन म्हणजे पेशीची पिढीजात स्मृती, असे सरसकट सांगितले जाते. अपित्वचेतील हा प्रयोग दाखवितो, की काही ठिकाणी क्रोमॅटिन हे आठवणीचे नव्हे तर विसरण्याचे साधन आहे. शेजाऱ्यांकडून आलेला संदेश वाचून घडी नव्याने घालता यावी, यासाठी ती आधी मोडावी लागते.

ही घडी औषधाने बिघडविता येते का? येते. ट्रायकोस्टॅटिन-ए हे स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंपासून मिळालेले बुरशीनाशक द्रव्य. ते हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना अडविते, हे १९९० मध्ये जपानमध्ये समजले. चिनी संशोधकांनी ते ॲराबिडॉप्सिसच्या कोवळ्या रोपांना दिले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या जागी गुळगुळीत पेशी असावयास हव्यात तेथेही मूलरोम फुटले. परिणाम मात्रेनुसार वाढत गेला, लवकर दिसला, आणि द्रव्य काढून घेताच मूळ पूर्ववत वागू लागले. पेशीला आपली जागा जणू कळेनाशी झाली होती.

येथे प्रत्येक डॉक्टरने क्षणभर थांबावे असे वाटते. फेफरे, मनोविकार आणि अर्धशिशी यांसाठी आपण अनेक वर्षे वापरीत आलेले व्हॅल्प्रोएट हेही याच विकरांना अडविते, हे २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. व्हॅल्प्रोएट गरोदरपणी घेतल्यास बाळाच्या चेतानलिकेत दोष निर्माण होण्याचा धोका वाढतो, हे त्याच्या कितीतरी आधीपासून वैद्यकाला ठाऊक होते. चेतानलिका बंद होताना तेथील पेशींना आपली जागा बिनचूक ओळखावी लागते. मुळावरील निष्कर्ष मानवी गर्भाला जसाच्या तसा लागू होतो असे कोणी म्हणणार नाही. पण बाळंतपणाच्या वयातील स्त्रीला हे औषध का टाळावे, हे विद्यार्थ्यांना समजावताना मूलरोमाचे चित्र फळ्यावर काढले तर ते चटकन लक्षात राहील. याच वर्गातील व्होरिनोस्टॅट या औषधाला त्वचेच्या टी-पेशी लिंफोमासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. एकाच तऱ्हेची क्रिया एका ठिकाणी अपाय आणि दुसऱ्या ठिकाणी उपचार ठरते.

प्रौढ झालेल्या पेशीची घडी पुढे कोण सांभाळतो, हा प्रश्न उरतो. मूलरोम हा मुळातील अत्यंत विशेषित अवयव. त्याची पेशी न दुभंगता डीएनएच्या प्रती काढते आणि बहुगुणित होते; आपल्या यकृतपेशी किंवा बिंबाणूंची जननी मेगाकॅरिओसाइट यांच्यासारखी. अशी पेशी पुन्हा कधी दुभंगत नाही, असे धरून चालले जाई. जपानमधील योकोहामा येथील रिकेन संस्थेच्या केइको सुगिमोतो यांच्या गटाने पॉलिकोंब संच निकामी असलेली रोपे घेतली. त्यांचे मूलरोम आधी अगदी ठीक वाढले, नेहमीसारखे लांब आणि बहुगुणित झाले. मग काही दिवसांनी त्याच मूलरोमांच्या पेशी दुभंगू लागल्या, त्यांतून बेशिस्त पेशींचा गोळा उठला आणि काहींतून तर गर्भही तयार झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. प्रौढ होणे ही एकदाच घडणारी घटना नसून ती रोज राखावी लागणारी स्थिती आहे. ओळख मिळविण्यासाठी पॉलिकोंबची फारशी गरज पडली नाही, ती टिकविण्यासाठी पडली. अन्ननलिकेच्या खालच्या भागातील पेशी आतड्यासारख्या होऊ लागतात तेव्हा, किंवा प्रौढ पेशी अर्बुदाच्या वाटेला लागते तेव्हा, आपणही याच राखणीच्या शिथिलतेकडे पाहत असतो. मात्र मानवात ईझेडएच-२ काही कर्करोगांत अतिरेकी असते तर काहींत निकामी. राखणदार ढिला पडला तरी घात, आणि अति कडक झाला तरी घात.

पिकलचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात शास्त्राचा खरा चेहरा दिसतो. बी रुजण्याच्या थोड्या काळातच पिकल गर्भाच्या जनुकांवर पडदा टाकते. २००८ मध्ये असे दिसले, की ते पॉलिकोंबची मिथिल खूण उमटण्यास मदत करते. म्हणजे दोघे सहकारी. लगोलग २००९ आणि २०११ मध्ये दुसऱ्या गटाने मुळात नेमके उलटे पाहिले : पिकल बिघडले की टोकाच्या विभज्येची, म्हणजे दुभंगणाऱ्या ऊतीची, क्रिया मंदावते आणि कर्ली लीफ बिघडले की ती वाढते. म्हणजे दोघे प्रतिस्पर्धी. आडमुळे फुटण्याच्या वेळी तर पिकल आणखी तिसऱ्याच भूमिकेत दिसते. तेथे ते ऑक्झिन या संप्रेरकाच्या लगामाला साहाय्य करते आणि आडमुळे फुटू देत नाही. मला यात विसंगती वाटत नाही. जे प्रथिन घडी बदलते, त्याचे फळ ती घडी कोणत्या जनुकावर आणि कोणत्या पेशीत आहे यावर अवलंबून राहणारच. पण पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावेल असे उत्तर येथे मिळत नाही, हे मान्य करावे लागते.

साधने सुधारली तसा चित्रातील करडा रंगही वाढला. २०१० मध्ये रोजर डील आणि स्टीव्हन हेनिकॉफ यांनी एकाच प्रकारच्या पेशींची केंद्रके गाळून घेण्याची रीत काढली आणि ती प्रथम रोमधारी व गुळगुळीत पेशींवरच वापरली. पुढे, २०१८ मध्ये, या दोन पेशींतील सर्व मोकळ्या जागांची यादी केली असता बहुतेक जागा दोघींतही मोकळ्याच निघाल्या. फरक होता तो बहुधा किती मोकळ्या एवढाच. ग्लॅब्रा-२ सारखी उघड-मीट हा नियम नसून ठळक अपवाद असावा. एखादे जनुक वाचले जाते म्हणून त्याची घडी सैल होते, की घडी सैल झाल्याने ते वाचले जाते, हा वाद आजही मिटलेला नाही आणि केवळ यादी वाढवून तो मिटणारही नाही.

हे सारे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे एक कारण आपल्या दवाखान्यातही आहे. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द आता व्याख्यानमालांत आणि गर्भसंस्कारांच्या वर्गांत सर्रास ऐकू येतो. मातेने काय ऐकले, काय वाचले, यावरून बाळाच्या जनुकांच्या खुणा बदलतात आणि त्या पुढील पिढ्यांना पोहोचतात, असे छातीठोकपणे सांगितले जाते. मग एखादी गर्भवती आपल्याला विचारते, की मी चिडले तर बाळाची जनुके बिघडतील का? तिला उत्तर देताना आपण ठाम असावे. हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भावस्थेच्या सुरुवातीला उपासमार सोसलेल्या व्यक्तींत साठ वर्षांनंतरही एका वाढविषयक जनुकावरील मिथिल खुणा किंचित कमी आढळल्या, हे २००८ मधील निरीक्षण खरे आणि महत्त्वाचे आहे. पण ती भीषण उपासमार होती, एखादा चिडलेला दिवस नव्हे, आणि ते निरीक्षण त्याच व्यक्तींविषयीचे आहे. खूण दिसली म्हणजे परिणाम सिद्ध झाला असे नाही. मुळात निदान जनुक निकामी करून, द्रव्य देऊन, पेशी जाळून कारण-परिणामाचे नाते तपासता येते. गर्भवतीच्या बाबतीत ते करता येत नाही, म्हणून तेथे तोंड अधिक सांभाळून उघडावे.

परिस्थितीची आठवण क्रोमॅटिनमध्ये राहतच नाही, असे मात्र नाही. ग्लासगो येथील ॲना आमटमान यांच्या गटाने २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ॲराबिडॉप्सिसच्या चिमुकल्या रोपांना एकच दिवस सौम्य खारे पाणी दिले आणि नंतर ती नेहमीच्या मातीत वाढविली. पुढे दिसायला ती इतर रोपांसारखीच होती. पण प्रौढपणी खारे पाणी दिले असता त्यांनी क्षार कमी साठविले, आणि पाणी तोडले असता ती अधिक तग धरून राहिली. मुळांतील क्रोमॅटिन तपासले तेव्हा पॉलिकोंबच्या मिथिल खुणांची बेटे काठाने झिजलेली आणि काही ठिकाणी तुटलेली आढळली. दहा दिवसांनंतर हा फरक पुसट झाला होता, तरी ओळखू येत होता. आठवण होती, पण ती कायमची कोरलेली नव्हती.

राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातील कोरडवाहू पट्ट्यांत हरभरा आणि मका रात्रभर पाण्यात भिजवून, वरवर सुकवून सकाळी पेरण्याची साधी पद्धत १९९० च्या दशकात शेतकऱ्यांच्याच शिवारात तपासली गेली, आणि रोपे लवकर व जोमाने उगवतात असे दिसले. त्या जोमाचे श्रेय क्रोमॅटिनला देण्याची घाई करू नये. रात्रभर पाणी प्यालेले बी लवकर रुजणे स्वाभाविकच आहे. परंतु २०२१ पासून मुळातील एकेका केंद्रकाची मोकळी-मिटलेली घडी वेगवेगळी वाचण्याची तंत्रे उपलब्ध आहेत. भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या हरभऱ्याची पहिली मुळे शेजारीशेजारी ठेवून, दहाव्या दिवशी त्यांच्या टोकांत काही फरक उरतो का, हे आता पाहता येण्यासारखे आहे.